इमारतीचे शहाणपण

(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्यासपीठावरून दरवर्षी विद्वान वक्ते बोलतात. त्या मालिकेत आमच्यासारख्या, जुन्या मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या आणि सारा जन्म प्राथमिक शाळेत गणित व शास्त्र शिकविण्यात घालविलेल्या माणसास कार्यकारी मंडळाने उभे केले, याचे कारण यंदाचा विषय रुक्ष आहे हेच असावे. व्यापारी इमारतींत बसविण्यात येणारी नवी चतुर यंत्रणा, जिला बाजारात ‘स्मार्ट तंत्रज्ञान’ म्हणतात, हा तो विषय होय. तो हौसेने निवडलेला नाही. आपल्या संस्थेच्या स्टेशन रस्त्यावरील इमारतीत अशी यंत्रणा बसवावी की नाही, याविषयीचा ठराव येत्या सर्वसाधारण सभेपुढे यावयाचा आहे. तळमजल्यावरील गाळे, पहिल्या मजल्यावरील कचेऱ्या व दवाखाने आणि त्यावरील सभागृह यांच्या उत्पन्नावर आपले विद्यार्थी-वसतिगृह चालते आणि शिष्यवृत्त्या दिल्या जातात. तेव्हा त्या इमारतीत वाया जाणारा रुपया कोणाच्या ताटातून जातो, हे निराळे सांगावयास नको.

सभासदांत या ठरावाविषयी दोन तट पडले आहेत. एक तट म्हणतो, ही श्रीमंतांची थेरे आहेत. दुसरा म्हणतो, काळाबरोबर चालले पाहिजे. आम्हांस दोन्ही तटांचे म्हणणे अपुरे वाटते. यंत्र श्रीमंताचे की गरिबाचे, हा प्रश्नच नव्हे. ते काय करते, त्यास किती पडते आणि त्यापासून होणारा लाभ नेमका कोणाच्या पदरात पडतो, हे तीन प्रश्न विचारावयाचे असतात.

प्रथम या शास्त्राच्या जन्माची हकीकत सांगतो, कारण ती एका शिक्षकाची आहे आणि शिक्षकाचा मोठेपणा सांगण्याची संधी आम्ही सहसा दवडीत नाही. अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यात व्हाइटवॉटर नावाच्या गावी शिक्षक तयार करणारे एक विद्यालय होते. तेथे वॉरेन जॉन्सन नावाचे अध्यापक शिकवीत असत. तो थंडीचा मुलूख. वर्ग उबदार राखण्याची भट्टी तळघरात, आणि कोणता वर्ग किती गार अथवा गरम झाला आहे हे पाहण्यासाठी शिपायास वर्गावर्गांतून हिंडावे लागे. तो दार उघडून आत येई, तापमापक पाही आणि पुन्हा खाली जाऊन झडपा कमीअधिक करी. शिकविण्यात येणाऱ्या या व्यत्ययाला कंटाळून जॉन्सन यांनी विजेवर चालणारे असे एक साधन तयार केले की, वर्गाचे उष्णमान ठरल्या मर्यादेबाहेर गेले म्हणजे खाली शिपायाजवळची घंटा वाजावी. १८८३ साली त्यांस त्याचे पेटंट मिळाले आणि १८८५ साली मिलवॉकी शहरी त्यांनी कंपनी काढली. आज जगभर इमारतींच्या नियंत्रणाचे काम करणारी जॉन्सन कंट्रोल्स ही कंपनी ती हीच.

या हकीकतीत सारे शास्त्र आलेले आहे. उष्णमान जाणणारे काहीतरी हवे, ते निरोप पोहोचविणारी तार हवी आणि निरोप मिळताच झडप फिरविणारा हात हवा. आजच्या भाषेत पहिल्यास संवेदक अथवा सेन्सर म्हणतात, दुसऱ्याच्या जोडीस संगणक आला आहे आणि शिपायाच्या हाताऐवजी झडपेवर लहानशी मोटर बसविलेली असते. इतके कळले म्हणजे निम्मा विषय कळला. इमारतीच्या दर्शनी भागात रंगीत पडदा लावणे, अथवा मोबाइलवरून दिवा लावून पाहुण्यांस दाखविणे, यांस आम्ही इमारतीचे शहाणपण म्हणत नाही. तो दिवाणखान्यातील दागिना झाला.

आपल्या ज्ञातीतील एक तरुण, आमचा जुना विद्यार्थी, मुंबईत एका मोठ्या व्यापारी इमारतीच्या देखभाल-खात्यात आहे. त्याच्या आग्रहावरून आम्ही त्या इमारतीचे तळघर पाहून आलो. वातानुकूलनासाठी पाणी थंड करणारी अजस्र यंत्रे तेथे आहेत. त्यांतून सुमारे ७ अंश सेल्सिअसचे पाणी नळांतून वर जाते आणि मजल्यांवरील उष्णता शोषून सुमारे १२ अंशांचे होऊन परत येते. हे पाणी ज्या वेटोळ्यांतून फिरते त्यांवरून मोठे पंखे हवा सोडतात आणि ती थंड हवा पत्र्याच्या बोगद्यांतून कचेऱ्यांत जाते. हे सर्व एका टेबलावरील पडद्यावर पाहावयास मिळते. आमच्या विद्यार्थ्याने पडद्यावर एक आलेख काढला आणि विचारले, “गुरुजी, रविवारी पहाटे तीन वाजता पाचव्या मजल्यावर कोण बरे काम करीत असेल?” कोणीही नव्हते. एका संध्याकाळी उशिरापर्यंत चाललेल्या बैठकीसाठी कोणीतरी पंखा हाताने चालू केला होता आणि मग तो अकरा दिवस अहोरात्र चालत राहिला होता. थंड हवेत आवाज मिसळून गेलेला, त्यामुळे कोणाच्या ध्यानात आले नाही. आलेखाच्या रेषेने मात्र ते सांगितले. या एका उदाहरणात आम्हांस यंत्रणेचे जितके महत्त्व पटले तितके विक्रेत्यांच्या साऱ्या चोपड्या वाचून पटले नव्हते.

असल्या विसरभोळेपणाची किंमत काय पडते, याचा हिशेब करू. समजा, ५ किलोवॅटची एक मोटर रोज रात्री ८ तास विनाकारण चालते. रोज ४० युनिटे झाली, वर्षास १४,६०० झाली. युनिटास १० रुपये धरले तर १,४६,००० रुपये. एवढ्यात वसतिगृहातील किती मुलांची वर्षाची खानावळ भागेल, हे खजिनदारांनी सांगावे.

पंख्याविषयी आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून आमच्यातील गणिताचा शिक्षक गप्प बसणार नाही. पंखा सावकाश फिरविला तर विजेची बचत किती होते? मुले चटकन म्हणतील, वेग निम्मा तर वीज निम्मी. तसे नाही. पंख्याला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वेग निम्मा केला तर हिशेबाने वीज एक अष्टमांश लागते. वेग केवळ शेकडा ८० वर आणला तर वीज शेकडा ५१ वर येते. मोटरीतील व इतर तोटा धरून प्रत्यक्षात लाभ काहीसा कमी होतो, तथापि तो फार मोठाच असतो. म्हणून चांगल्या यंत्रणेत पंखा एकतर चालू वा बंद असे न ठेवता, माणसे किती आहेत हे पाहून त्याचा वेग कमीअधिक करतात. माणसे किती आहेत हे कसे कळते? श्वासावरून. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण दहा लाख भागांत सुमारे ४२० भाग असते. बंद खोलीत माणसे बसली की ते हजारावर सहज जाते. संवेदक ते मोजतो आणि ताजी हवा वाढवितो. २०२० च्या साथीनंतर कोंदट हवेचे भय आपणां सर्वांस कळलेच आहे. शिवाय दुपारच्या तासाला मुले पेंगतात त्याचा सगळाच दोष आमच्या शिकविण्याकडे नव्हता, हेही यावरून सिद्ध होते.

आता परदेशातील एक उदाहरण घेतो. न्यूयॉर्क येथील एम्पायर स्टेट इमारत आपण चित्रांत पाहिली आहे. १९३१ साली पुरी झालेली ही १०२ मजल्यांची इमारत, म्हणजे आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळची. २००९ साली तिच्या मालकांनी वीज व इंधन यांची बचत करण्याचे मोठे काम जाहीर केले. येथे लक्ष देण्याजोगी गोष्ट अशी की, त्यांनी आरंभ संगणकापासून केला नाही, खिडक्यांपासून केला. इमारतीस ६,५१४ खिडक्या. त्या भंगारात न काढता इमारतीतच एक कारखाना थाटला, जुन्या काचा धुऊन दोन काचांच्या मध्ये उष्णता अडविणारा पातळ पापुद्रा ताणून बसविला, पोकळीत वायू भरला आणि त्याच खिडक्या पुन्हा जागेवर लावल्या. बहुतेक सर्व जुनी काच अशी उपयोगास आली. खोल्या गरम करणाऱ्या उपकरणांच्या मागे, बाहेरच्या भिंतीकडे जाणारी उष्णता परतविणारे पत्रे लावले. एवढे झाल्यावर इमारतीची गरजच इतकी उतरली की, थंड पाण्याची नवी मोठी यंत्रे घेण्याऐवजी जुन्यांचीच दुरुस्ती करून भागले. त्यानंतर संवेदक व नियंत्रणाची नवी साधने आली आणि भाडेकरूंस आपापला वापर पाहता यावा अशी सोय करण्यात आली. या सर्वांमुळे ऊर्जेचा वापर शेकडा ३८ ने उतरेल आणि वर्षास ४४ लाख डॉलर वाचतील, असा अंदाज तज्ज्ञांनी मांडला होता, आणि पहिल्याच वर्षाची बचत हमी दिलेल्या आकड्याहून अधिक भरली. ज्या इमारतीच्या खिडकीची फट बुजलेली नाही तीत संवेदक बसविणे म्हणजे गळक्या घागरीला तोटी लावण्यासारखे आहे, हे त्या श्रीमंत मालकांना कळले. आपल्या सभागृहाच्या पश्चिमेकडील खिडक्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांस आम्ही हे का सांगत आहो ते समजेल.

याच्या अगदी उलट टोकाचे उदाहरण हॉलंडमधील आम्स्टरडॅम शहराचे आहे. ‘द एज’ नावाची कचेऱ्यांची इमारत तेथे २०१४ साली बांधून पुरी झाली. तीत सुमारे २८,००० संवेदक आहेत. छतातील दिव्यांतच ते बसविलेले असून उजेड, हालचाल, उष्णमान, दमटपणा सर्व टिपून घेतात. दिव्यास वीज आणि निरोप दोन्ही एकाच बारीक तारेतून मिळतात. कोणाचेही टेबल ठरलेले नाही; मोबाइल त्यास आज कोठे बसावे ते सांगतो. दिवसभर न वापरलेल्या खोल्यांची झाडलोट त्या दिवशी करावी लागत नाही. पर्यावरणाच्या दृष्टीने इमारतींची परीक्षा घेणाऱ्या ब्रीअॅम या ब्रिटिश पद्धतीत तिला १०० पैकी ९८.३६ गुण मिळाले. आम्ही उभ्या हयातीत गणिताखेरीज कोणत्याही विषयात इतके गुण कोणाला दिले नाहीत. इमारत थोर आहे यात शंका नाही. परंतु कोण केव्हा आले, कोठे बसले, किती वेळ उठून गेले, याची नोंद छताने ठेवावी हे आम्हांस रुचत नाही. विजेच्या बचतीसाठी खोलीत माणूस आहे की नाही एवढे कळले तरी पुरे. तो कोण आहे हे कळण्याचे कारण नाही. हालचाल ओळखणारा साधा संवेदक चित्र घेत नाही. कॅमेरा ही गोष्ट निराळी. ठरावावर बोलताना सभासदांनी या दोहोंची गल्लत करू नये, आणि भगिनींच्या विश्रांतीच्या खोलीत वा तिच्या दाराशी कॅमेरा येणार नाही, असे ठरावातच लिहून घ्यावे.

आपल्या देशातील एक प्रयोग आम्हांस फार आवडला, कारण तो शाळेतील प्रयोगासारखा आहे. हैदराबाद येथे इन्फोसिस कंपनीने एक इमारत दोन सारख्या अर्ध्यांत बांधली. एका अर्ध्यात उत्तम प्रकारचे नेहमीचे, हवेने थंडावा देणारे वातानुकूलन. दुसऱ्यात काँक्रीटच्या छतातून थंड पाण्याच्या नळ्या फिरवून गारवा आणलेला. दोन्हींकडे मीटर बसविले आणि दोन वर्षे नोंदी ठेवल्या. दुसऱ्या अर्ध्यास शेकडा सुमारे ३४ वीज कमी लागली. लाभ पाण्याच्या नळ्यांनी झाला, परंतु तो झाला हे मीटरांमुळे कळले. मीटर नसते तर दोन्ही अर्ध्यांतील मंडळी आपलीच बाजू बरोबर म्हणून आजही भांडत राहिली असती, आणि अशी भांडणे आपल्या सभांत आपण ऐकतोच.

विजेच्या बिलात नुसती युनिटेच नसतात, हेही सांगून ठेवतो. मोठ्या ग्राहकांस, एका वेळी जास्तीत जास्त किती वीज मागितली, याचाही आकार द्यावा लागतो. लिफ्ट चालू, सभागृहाचे वातानुकूलन चालू आणि त्याच घटकेला पाण्याचा पंप सुरू झाला, तर तेवढ्या अर्ध्या तासाची मागणी महिन्याच्या बिलावर बसते. चतुर यंत्रणा पंपास सांगते, थोडा थांब. पाणी अर्ध्या तासाने चढले म्हणून कोणाचे काही अडत नाही.

आगीच्या बाबतीत मात्र अर्धा तास नव्हे, अर्धे मिनिटही मोलाचे. २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाचे वरचे मजले जळाले. २९ डिसेंबर २०१७ रोजी मुंबईतील कमला मिल आवारातील आगीत १४ माणसे गेली. चांगल्या इमारतीत धुराची वर्दी मिळताच हवेचे पंखे थांबतात, म्हणजे धूर पसरत नाही. लिफ्ट तळमजल्यावर येऊन उघडी राहते आणि बंद ठेवलेली दारे कुलपे सोडतात. महाराष्ट्राच्या २००६ च्या कायद्याप्रमाणे अग्निशमनाची साधने चालू असल्याचे प्रमाणपत्र परवानाधारक संस्थेकडून दर जानेवारी व जुलै महिन्यांत घ्यावे लागते. हा भाग काटकसरीच्या हिशेबात धरावयाचा नाही; तो करावयाचाच आहे.

धोके नाहीत असे नाही. २०१३ साली अमेरिकेतील टार्गेट या दुकानसाखळीत चोर शिरले ते भिंत फोडून नव्हे. दुकानांच्या शीतकरणाचे काम करणाऱ्या एका ठेकेदाराचा संगणकीय परवलीचा शब्द त्यांनी चोरला आणि त्या वाटेने आत शिरून सुमारे ४ कोटी ग्राहकांच्या कार्डांची माहिती लांबविली. इमारतीची यंत्रणा आणि पैशाअडक्याचा संगणक यांची चूल वेगळी ठेवावी, हा त्याचा अर्थ. दुसरा धोका विक्रेत्याचा. काही यंत्रे अशी असतात की त्यांची भाषा त्यांच्या विक्रेत्यासच कळते; मग दरवर्षी दुरुस्तीच्या करारासाठी त्याच्याच दारात उभे राहावे लागते. या कामासाठी बॅकनेट नावाची सर्वमान्य संकेतभाषा १९९५ सालापासून आहे. तीच समजणारी साधने मागावीत.

आता आपल्या इमारतीकडे येतो. तीत थंड पाण्याची यंत्रे नाहीत की हजार टेबले नाहीत. तिला आम्स्टरडॅमची नक्कल म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. ठरावासोबत आलेल्या दरपत्रकात मोठा पडदा आहे, दर्शनी दालनातील रंग बदलणारे दिवे आहेत, चेहरा ओळखून उघडणारे दार आहे. ही तिन्ही कलमे वगळावीत असे आमचे स्पष्ट मत आहे. राहिले काय? प्रत्येक मजल्यास आणि सभागृहास स्वतंत्र मीटर, ज्याचा आकडा तासातासाला आपोआप नोंदला जाईल. जिना, व्हरांडा व स्वच्छतागृहे यांत हालचालीवर लागणारे दिवे. टाकीची पातळी पाहून चालणारा पंप, म्हणजे गच्चीवरून पाणी रस्त्यावर सांडणार नाही. सभागृहाच्या वातानुकूलनास वेळेची आणि अंशांची मर्यादा. १ जानेवारी २०२० पासून तारांकित वातानुकूलन यंत्रे कारखान्यातूनच २४ अंशांवर लावून येतात, आणि एक अंश वर ठेवल्याने सुमारे ६ टक्के वीज वाचते असे केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोचे सांगणे आहे. आपल्या सभागृहात मात्र ते १८ वर ठेवून, शालू नेसलेल्या भगिनी कुडकुडत बसलेल्या आम्ही पाहिल्या आहेत.

येथे आम्हांस थोडे अप्रिय बोलणे भाग आहे. गाळेधारक आणि कचेऱ्या आपापल्या मीटरप्रमाणे बिल भरतात. तेथे वीज वाचली तर लाभ त्यांचा. संस्थेच्या खिशातून जाते ती जिना, पंप, लिफ्ट आणि सभागृह यांची वीज. सभागृह आपण ठोक दराने देतो, वीज त्यातच धरलेली. ज्ञातिबांधवांस तर सवलतीचा दर. परिणाम असा होतो की, लग्नाच्या दिवशी दारे-खिडक्या सताड उघड्या आणि वातानुकूलन पहाटेपासून चालू. आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते, त्यातला हा प्रकार. आणि पीठ खाणारे कोणी परके नाहीत, आपणच आहोत. भाड्याची सवलत अवश्य राहू द्यावी, ती आपल्या पूर्वजांनी विचारपूर्वक दिलेली आहे. वीज मात्र मीटरप्रमाणे निराळी आकारावी. हे कलम ठरावात घातले तर ठराव नापास होईल, असे कार्यकारी मंडळातील काहींनी आम्हांस हळूच सांगितले. परंतु हे कलम गाळून नुसती यंत्रे घेतली तर ती कोणासाठी घेतली, याचे उत्तर त्यांनी सभेत द्यावे. ज्या घरी कार्य आहे त्या घरास आदल्या रात्री पाचशे-हजार रुपये अधिक पडतील; त्याच घरचा मुलगा कदाचित वसतिगृहात जेवत असेल.

पंप चालविणाऱ्या आमच्या वृद्ध सेवकाची नोकरी जाईल काय, असेही विचारण्यात आले. जाऊ नये, आणि जाण्याचे कारणही नाही. जॉन्सन गुरुजींच्या घंटेने शिपायास घालविले नाही. त्याची वर्गावर्गांतून होणारी पायपीट वाचविली. यंत्र आकडा लिहील, परंतु आकडा वाचून ‘हे असे का?’ म्हणून विचारणारा माणूस नसेल तर पाचव्या मजल्यावरचा पंखा अकरा दिवसच काय, अकरा महिने चालेल. आपल्या वसतिगृहात तंत्रनिकेतनात शिकणारे विद्यार्थी आहेत. त्यांपैकी दोघांनी दर सोमवारी सेवकास बरोबर घेऊन आठवड्याचे आकडे पाहावेत, वहीत उतरावेत आणि त्याबद्दल संस्थेने त्यांस थोडे मानधन द्यावे, अशी सूचना आम्ही मांडतो. वहीचा नमुना आम्ही आखून आणला आहे. तो चिटणीसांकडे दिला आहे. ज्यांस पाहावयाचा असेल त्यांनी चहाच्या वेळी पाहावा.